खलघाटची एसटी, पटेल नगरची बावडी आणि आपल्या घरातला टीव्ही

रामबागची_लेक

खूप दिवस लिहायचं मनात होतं, आज लिहूनच टाकते. विषय टीव्हीवरच्या बातम्यांचा आहे, पण दिल्लीच्या राजकारणाच्या बातम्यांचा नाही. आपल्या गावात काही भयंकर घडलं की ते आपल्यालाच टीव्हीवर कसं दाखवतात, तेवढाच.

१८ जुलै २०२२, सोमवार. माझे आतोबा चार दिवस आमच्याकडे इंदूरला आले होते आणि त्या दिवशी सकाळच्या अमळनेरच्या एसटीने परत जायला निघाले. आमच्या ह्यांनी त्यांना सात वाजता स्टँडवर सोडलं आणि हे तिथूनच ऑफिसला गेले. साडेदहा-अकराच्या दरम्यान शेजारच्या काकू धावत आल्या की टीव्ही लाव, महाराष्ट्राची बस नर्मदेत पडली. खलघाटच्या पुलाचा कठडा तोडून. इंदूर ते अमळनेर.

आत्या तेव्हा आमच्याकडेच राहिली होती, ती अजून आठ दिवस थांबणार होती. ती टीव्हीसमोर जमिनीवरच बसली. आतोबांचा फोन बंद. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्याची बॅटरी कधी टिकतच नाही.

त्यानंतरचे तीन तास मी विसरू शकत नाही. एका हिंदी चॅनेलवर ५५ प्रवासी, दुसऱ्यावर ५०, मराठीवर ४०. मग "१५ जणांना वाचवलं" अशी पट्टी आली आणि आत्याने त्या १५ ला असं घट्ट धरलं की बास, माझा हात सोडेना आणि एकच म्हणून राहिली होती, ह्यांना पोहता येतं, ह्यांना पोहता येतं. मृतांचा आकडा १३ झाला, मग १२ झाला. ते १५ कुठे गेले कोणी सांगेना. ती पट्टी गुपचूप गेली. चुकलो, तसे कोणी वाचलेले नाहीत, असं एकाही चॅनेलने आमच्या डोळ्यांसमोर तरी सांगितलं नाही. शेवटी १२ मृतदेह मिळाले हे आता सगळ्यांना माहीतच आहे.

आणि पूर्ण वेळ पडद्यावर काय, तर तो तुटका कठडा, क्रेनला लटकलेली बस आणि वरून लाल बाण. तेच तेच, पुन्हा पुन्हा. एसटीने हेल्पलाइन दिली होती, तो नंबर खालच्या पट्टीवर आला, मी पेन शोधेपर्यंत गेला. पुन्हा येईल म्हणून मी पेन घेऊन उभी, तर मधे दुसऱ्याच राज्याची काही तरी बातमी सरकली, मग जाहिरात. कठडा मात्र हलत नव्हता.

आम्हाला काय हवं होतं? बस स्टँडवरून किती वाजता सुटली होती, कुठल्या डेपोची, नंबर काय, लोकांना कुठल्या दवाखान्यात नेऊन राहिले, विचारायचं कोणाला. एवढंच. एसटीत बिना रिझर्वेशनच्या प्रवाशाचं नाव कुठेच नसतं, कंडक्टरच्या मशीनमधून फार तर किती तिकिटं फाटली ते कळेल, माणसं कोण ते नाही. म्हणजे घरी बसलेल्या माणसाकडे टीव्हीशिवाय काहीच नव्हतं आणि टीव्ही आमच्याशी बोलतच नव्हता. मराठी चॅनेल मुंबईत बसून सांगत होतं "मध्य प्रदेशात एसटीला अपघात", हिंदी चॅनेल भोपाळ-नोएडातून सांगत होतं "महाराष्ट्र की बस". आम्ही इंदूरचे मराठी, ज्यांनी सकाळी माणूस त्या दिशेच्या बसमध्ये बसवला, ते दोन्हीकडे नव्हतो.

पावणेदोनला अनोळखी नंबरवरून फोन आला. आतोबा होते. ती बस त्यांची चुकली होती, मागच्या शिरपूरच्या गाडीत बसले आणि पूल बंद केल्यामुळे अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकून पडले होते, शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून बोलले. पुलावर काय झालंय ते त्यांना आमच्याकडून कळलं. आमच्या घरी देव पावला. पण १२ घरांत तसा फोन आला नाही, आणि त्यांनीही तीच पट्टी बघितली असेल, तेच १५.

माझं म्हणणं इतकंच आहे की बातमी ज्याच्यावर बेतली त्याच्यासाठी ती नसतेच. ती लांबून बघणाऱ्यासाठी असते. तुम्हाला काय वाटतं, आणि कोणाला असा अनुभव आहे का, मोकळेपणाने लिहा.

सुदामानगर

ताई वाचून अंगावर काटा आला. आम्ही पण त्या दिवशी टीव्ही बघत होतो पण आमचं कोणी नव्हतं त्यात, आणि आता तुमचं वाचून लक्षात येतंय की आम्ही किती वेगळं बघत होतो. आम्हाला बातमी पूर्ण कळली असंच वाटलं होतं.

कॅमेरा_छावणी

ताई, मी १४ वर्षं इंदूरमध्ये स्ट्रिंगर होतो, आता सोडलं, लग्नाचं शूटिंग करतो. तुम्ही लिहिलंय ते सगळं खरं आहे आणि ते का होतं ते मी सांगतो. कोणाची बाजू घेत नाही, पण आतून कसं चालतं ते लोकांना माहीतच नाही.

स्ट्रिंगर म्हणजे चॅनेलचा नोकर नाही. पगार नाही. जी स्टोरी चालेल तिचे पैसे, नाही चालली तर पेट्रोल आपलं. एकेक स्ट्रिंगर दोन-तीन चॅनेलना पुरवतो, माईकवरचं बूम-आयडी, म्हणजे चॅनेलच्या नावाचा ठोकळा, बदलून बदलून. घटना झाली की आम्ही पोचायच्या आधी असाइनमेंट डेस्कचा, म्हणजे चॅनेलच्या ऑफिसात बसून आम्हाला कामं सांगणाऱ्यांचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "कितने?" कुठे, कसं, नंतर. कितने. कारण पट्टीवर आकडा लागतो. आपण सांगितलं थांबा दहा मिनिटं, कोणाला तरी विचारतो, तर उत्तर येतं की अमुक चॅनेलवर आठ चालू झालंय, तू काय करून राहिला आहेस.

मग आकडा कुठून येतो? एक हवालदार सांगतो, एक वॉर्डबॉय सांगतो, एखादा नेता जाता जाता बोलून जातो. ह्या सगळ्यांना पट्टीवर "सूत्र" म्हणतात. आता बघा, एक बॉडी घटनास्थळावरून निघाली तेव्हा पोलिसाने मोजली, तीच दवाखान्यात पोचली तेव्हा तिथल्या माणसाने मोजली, डेस्कवर दोन्हीकडून फोन गेले तर ते एकाचे दोन होतात. उलटही होतं, जखमी म्हणून गेलेला वाटेत गेला तर तो "वाचवले"मध्येही राहतो आणि "मृत"मध्येही येतो. कोणी ते परत जुळवत बसत नाही, पुढचा आकडा आला की मागचा पुसला. तुमच्या त्या १५ चं नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, मी तेव्हा खलघाटला नव्हतो, पण असे आकडे कसे जन्माला येतात ते मी शंभर वेळा बघितलंय.

पटेल नगरच्या बावडीला मात्र मी होतो. ३० मार्च २०२३, रामनवमी. बेलेश्वर महादेव मंदिरात हवन चालू होतं आणि लोक ज्या फरशीवर बसले होते तिच्या खाली जुनी बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, वर स्लॅब टाकून झाकलेली. स्लॅब गेला. मी पोचलो तेव्हा दोर टाकून लोकांना वर काढत होते, बोळ अरुंद, त्यात अॅम्ब्युलन्स, त्यात पोलीस, त्यात आमच्यासारखे तीस-चाळीस माईकवाले आणि बघे. संध्याकाळी टीव्हीवर ११, मग १३. रात्री लष्कर आलं, पाणी उपसत होते, खाली गाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम ३५ आणि शेवटी ३६. घरी बसलेल्याला वाटलं असेल रात्रीत इतके लोक मेले. तसं नव्हतं, ते आधीपासून खालीच होते. "इतके सापडले" आणि "इतके गेले" ह्यात केवढा फरक आहे पण पट्टीवर "मौत" हा एकच शब्द बसतो. आणि बेपत्ता किती, हा आकडा त्या रात्री सगळ्यात गरजेचा होता, बाहेर उभे असलेले नातेवाईक नावानिशी सांगत होते आमच्या घरचे दोन, आमच्या घरचे तीन. ते मोजून दाखवावं असं डेस्कवर कोणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

दुपारी एका बाईंसमोर मी माईक धरला. त्या रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनीच मला विचारलं, "भैया, अंदर और कितने हैं?" त्यांना वाटलं माझ्या हातात माईक आहे म्हणजे मला माहीत असणार. मला काहीच माहीत नव्हतं. मी त्यांनाच विचारायला आलो होतो. ते क्लिप मी पाठवलं नाही. त्यानंतर वर्षभरातच काम सोडलं.

लोकमान्यनगर_आजोबा

कॅमेराभाऊ, तुम्ही क्लिप पाठवलं नाही ते फार चांगलं केलंत. एवढंच लिहायला आलो होतो.

मांडवी_बडोदे

नमस्कार, मी बडोद्याची, इंदूरच्या धाग्यावर लिहिलं तर चालेल ना? माहेर इंदूरचं आहे म्हणून वाचते.

आमच्याकडे २०२४ च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला पूर आला. धोक्याची पातळी २५-२६ फुटांची, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. आमची सोसायटी नदीपासून तशी लांब आहे असं आम्ही वीस वर्षं समजत होतो. तळमजला पूर्ण गेला, आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्यांकडे अठरा माणसं तीन दिवस. सासूबाईंची इन्सुलिन फ्रिजमध्ये आणि फ्रिज बंद कारण लाइट गेलेली.

आता रामबागच्या ताईंनी जे लिहिलंय की बातमी ज्याच्यावर बेतली त्याच्यासाठी नसते, ते आमच्याकडे अक्षरशः तसंच होतं बघा. पुरात पहिली वीज जाते. म्हणजे पुराची बातमी पुरातला एकही माणूस बघत नव्हता! ती बघत होते पुण्याचे, ठाण्याचे, अमेरिकेतले. आणि त्यांना काय दिसत होतं? मगरी. आमच्या नदीत मगरी आहेत हे बडोद्यात शेंबडं पोर पण जाणतं, चारशेच्या वर आहेत असा वनखात्याचा अंदाज आहे, आणि त्या दिवसांत वनखात्याच्या आणि प्राणी वाचवणाऱ्या लोकांनी वस्तीतून दोन डझन मगरी पकडून नेल्या, जीव धोक्यात घालून. ते काम मोठंच आहे, मी ते कमी नाही लेखत. पण टीव्हीवर इथल्याच अकोटा भागातल्या एका छपरावर बसलेली मगर दिवसभर फिरत होती आणि ती बघून आमच्या नणंदेचे पुण्याहून एका तासात नऊ फोन. वहिनी, मगर आली का, वहिनी दार लावलंय ना. माझ्या फोनला २० टक्के बॅटरी, अठरा माणसांत चालू असलेले फोन तीन, आणि ते मगरीच्या चौकशीत संपून राहिले होते. मला तो फोन इन्सुलिनसाठी हवा होता.

आम्हाला दोनच आकडे पाहिजे होते. आजव्याची लेव्हल आणि विश्वामित्रीवरच्या काळाघोड्याच्या पुलाची लेव्हल. बडोदेकर पावसाळ्यात ह्या दोन आकड्यांवर जगतो, कारण इथे पाऊस थांबला तरी पाणी वाढतं, वरून आजवा सरोवरातून आणि आसपासच्या ओढ्यांतून येत राहतं. सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेला तो तलाव, आता पावसाळ्यात सगळं शहर त्याच्या फुटांकडे बघत असतं. पालिका ते आकडे देते, वेबसाइटवर असतात. बाहेरच्या चॅनेलला ते कळत नाही, त्यांच्या दृष्टीने ऊन पडलं म्हणजे पूर संपला. २८ तारखेला पाऊस ओसरला होता आणि आमच्या जिन्याच्या पायऱ्या एकेक करून बुडत होत्या.

ह्या सगळ्यात एका माणसाचं नाव घ्यावंसं वाटतं पण नाव माहीत नाही. आमच्या भागाचा लोकल केबलवाला. त्याचा स्वतःचा न्यूज चॅनेल वगैरे काही नाही, पण तो दर दोन तासांनी सोसायटीच्या ग्रुपवर काळाघोड्याचा आकडा टाकायचा, नुसता आकडा आणि वेळ. "३४.२५, दुपारी ३." बास. ग्रुपमधल्या ज्याचा फोन चालू असेल तो जिन्यात ओरडून सांगायचा. ज्या दिवशी आकडा पाव फुटाने उतरला त्या दिवशी अठरा माणसं रडली.

सुदामानगर

इन्सुलिनचं काय झालं?

मांडवी_बडोदे

मिळाली. ट्रॅक्टरवरून दूध वाटणारी मुलं आली होती, त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्या दिवशी आणून दिली. थर्मासमध्ये बर्फ घालून.

विजयनगर_अभि

सगळ्यांचे अनुभव वाचले, मनापासून वाईट वाटलं. पण थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. टीव्ही नसता तर काय झालं असतं ह्याचा पण विचार करा. २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्रजवळ पाच वर्षांचा प्रिन्स बोअरवेलमध्ये पडला होता, मी तेव्हा शाळेत होतो, जवळजवळ ५० तास सगळा देश टीव्हीसमोर बसून होता आणि त्याला जिवंत काढलं, लष्कराने बाजूने खड्डा खणून. कॅमेरे नसते तर इतकी यंत्रणा एका खेड्यात इतक्या लवकर आली असती का? पुढे २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने उघड्या बोअरवेलबद्दल नियम घालून दिले. म्हणजे टीव्हीने दबाव येतो. आपल्या बावडीच्या वेळी पण रात्रभर लाइव्ह होतं म्हणून अधिकारी जागेवरून हलले नाहीत असं मला वाटतं.

कॅमेरा_छावणी

अभि, राग कशाचा, तुझं बरोबर आहे. कॅमेरा असला की साहेब लोक जागे राहतात हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण प्रिन्सचं एक लक्षात घे. त्यानंतर प्रत्येक बोअरवेल म्हणजे तोच खेळ झाला, कोपऱ्यात घड्याळ लावायचं, किती तास झाले. बैतूल जिल्ह्यात डिसेंबर २०२२ मध्ये आठ वर्षांचा मुलगा पडला, ८० तासांवर काम चाललं, तो वाचला नाही. माझे सोबती तिथे होते. घड्याळ लावलेलंच होतं. मुलगा गेल्यावर ते घड्याळ काढलं आणि ओबी व्हॅन, म्हणजे लाइव्ह दाखवायच्या गाड्या, निघाल्या. पण तो बोअर उघडा का राहिला, तालुक्यात असे अजून किती आहेत, हे विचारायला किती जण परत गेले असतील? दबाव येतो तो काढायच्या कामाला येतो, झाकायच्या कामाला येत नाही, कारण झाकलेल्या बोअरचं व्हिज्युअल काय असणार.

बावडीचं पण तेच. चौथ्या दिवशी, ३ एप्रिलला, मंदिराचं बांधकाम पाडायला बुलडोझर आले तेव्हा सगळे परत हजर, कारण बुलडोझर दिसतो. शहरात अजून किती बावड्या फरशीखाली आहेत ती यादी दिसत नाही ना टीव्हीवर.

विजयनगर_अभि

हे मी असं विचारात घेतलं नव्हतं. मान्य. तरी पूर्ण सोडून देऊ नये असं वाटतं, सुधारावं.

तिळकनगर_श्रुती

मी वेगळ्या प्रकारची गोष्ट सांगते. ७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं तेव्हा मध्य प्रदेशातल्या ज्या पाच शहरांची नावं होती त्यात इंदूर होतं. संध्याकाळी थोडा वेळ ब्लॅकआउट, सायरन. माझ्या आजीचं वय ८८. तिला आम्ही दोन दिवस समजावत होतो की आजी, सायरन वाजला की दिवे बंद करायचे, घाबरायचं नाही, सराव आहे. तिने एकदम शहाण्यासारखं केलं. १९७१ ची आठवण काढली, काचांना काळा कागद लावायचे म्हणाली.

पण मग पुढचे तीन दिवस टीव्हीवर प्रत्येक बातमीच्या मागे तोच सायरन. अँकर बोलतोय, मागे सायरन. नकाशा दाखवतोय, सायरन. मी ऑफिसला, आई स्वयंपाकघरात, आणि शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने लावलेला, की आजी उठून धडपडत दिवे बंद करायची. दुपारी दोन वाजता पंखा पण बंद. ९ तारखेला रात्री पलंगाच्या कडेला लागून पडली, नशिबाने हाड मोडलं नाही. तेव्हापासून ती कुकरच्या शिट्टीला पण दचकते.

१० मे ला केंद्राच्या नागरी संरक्षण खात्यानेच चॅनेल्सना सांगितलं की सायरनचा आवाज कार्यक्रमात वापरू नका, लोकांना तो रोजचा वाटायला लागेल आणि खऱ्या हल्ल्यात कोणी लक्ष देणार नाही. अगदी बरोबर. पण हे एका सरकारी खात्याने सांगेपर्यंत कोणाला का कळू नये? सायरन हे संगीत नाही, तो हुकूम आहे. माझ्या आजीने तो हुकूम म्हणून पाळला.

लोकमान्यनगर_आजोबा

श्रुती बेटा, आजींना नमस्कार सांग. ७१ साली मी कॉलेजात होतो. तेव्हा टीव्ही नव्हताच इंदूरला, मालवा हाउसची, म्हणजे इथल्या रेडिओ स्टेशनची बातमी. आकाशवाणी इंदूर १९५५ पासून आहे, आमच्या घरी रेडिओ आला तोच ह्या स्टेशनमुळे. रेडिओवर चित्र नाही त्यामुळे त्याला सांगावंच लागतं, की अमुक रस्ता बंद आहे, अमुक ठिकाणी जा. चित्र आलं आणि सांगणं गेलं असं मला कधी कधी वाटतं. माझ्याकडे अजून ट्रान्झिस्टर आहे आणि पावसाळ्यात मी तो उशाशी ठेवतो. बडोद्याच्या ताईंचं वाचून मला वाटतं सगळ्यांनी एक ठेवावा. लाइट गेली, मोबाइलचा टॉवर गेला तरी तो चालतो.

वकील_साउथ_तुकोगंज

काही उपयोगाचं सांगतो, थोडक्यात.

टीव्हीला नियम नाहीत असं नाही. केबल टीव्हीच्या नियमांत नियम ६ मधला पी हा पोटनियम आहे, अतिरेक्यांविरुद्ध कारवाई चालू असताना लाइव्ह दाखवता येत नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल तेवढंच. २००८ च्या मुंबई हल्ल्यात पलीकडे बसलेले सूत्रधार आपलेच चॅनेल बघून आत फोनवर सूचना देत होते, सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या कसाबच्या निकालात चॅनेल्सना त्यावरून कडक शब्दांत सुनावलं आहे. ते वाचण्यासारखं आहे. दुसरं, ९ जानेवारी २०२३ ला माहिती-प्रसारण मंत्रालयाने सूचना काढली की मृतदेह, रक्त, जखमी माणसांचे जवळून शॉट असे न झाकता दाखवू नका. बावडीची घटना त्यानंतर अडीच महिन्यांनी झाली, बाकी तुम्ही बघितलंच आहे.

तक्रार करता येते. आधी चॅनेलकडेच लेखी करायची, प्रसारणापासून सात दिवसांत, तारीख, वेळ, कार्यक्रम लिहून. समाधान झालं नाही तर चॅनेल ज्या संस्थेचं सभासद आहे तिच्याकडे जायचं. बऱ्याच मोठ्या न्यूज चॅनेल्सची संस्था एनबीडीए आहे आणि तिचं तक्रार बघणारं मंडळ एनबीडीएसए, दंड करू शकतं, माफी दाखवायला लावू शकतं. सगळी चॅनेल्स सभासद नाहीत हे पण खरं. वेळ नोंदवून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं, आपण लोक चिडतो पण कुठल्या चॅनेलवर किती वाजता काय होतं ते लिहून ठेवत नाही, मग तक्रार टिकत नाही.

रामबागची_लेक

वकील काका, त्या दिवशी घड्याळात बघायचं भान नव्हतं हो. पण म्हणणं समजलं, पुढे लक्षात ठेवीन.

कॅमेरादादा, तुमची पोस्ट मी आत्याला फोनवर वाचून दाखवली. एका माणसाचे दोन मोजले गेले असं काही तरी झालं असेल, हे तिला पहिल्यांदा कळलं. ती इतकी वर्षं म्हणत होती की ते १५ जण सापडले असतील आणि मग परत वाहून गेले असतील, कोणी हात सोडला असेल. हे तिच्या डोक्यात घर करून होतं आणि आम्हाला कधी बोलली नव्हती. एका पट्टीने एवढं केलं. आज ती म्हणाली, म्हणजे कोणी हात सोडला नव्हता. मी म्हटलं नाही आत्या, कोणी सोडला नव्हता.

तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही डेस्कवर असता तर काय केलं असतंत?

कॅमेरा_छावणी

ताई, आत्याबाईंचं वाचून मला पाच मिनिटं काही लिहिता आलं नाही.

मी डेस्कवर कधी नव्हतो. पण केलं असतं ते सांगतो. पडद्याच्या एका बाजूला हेल्पलाइन कायम ठेवली असती, हलवलीच नसती, जाहिरातीत सुद्धा. आकड्याच्या बाजूला वेळ आणि कोणी सांगितला ते, "कलेक्टर, दुपारी १२.४०". आकडा बदलला तर आधीचा चुकला होता असं अँकरने तोंडाने सांगायचं, पट्टी गुपचूप काढायची नाही. शॉट सकाळचा असेल तर त्यावर सकाळची वेळ, कारण लूपवर चालणारं दहा सेकंदांचं क्लिप बघून लोक संध्याकाळी मला फोन करायचे की अजून पडून राहिलंय का. आणि स्ट्रिंगरला आकडा आणायला नाही, नावं आणायला पाठवलं असतं. कोण कुठल्या दवाखान्यात. ती यादी दाराला लावलेली असते हो बहुतेक वेळा, तिचा फोटो काढून पडद्यावर टाकायला काय लागतं. मी स्वतः दोनदा पाठवला होता असा फोटो, एकदा चाललं पण, चार सेकंद.

पैसा लागत नाही ह्याला काही. टीआरपीचं म्हणाल तर तो मीटर लागलेल्या पंचावन्न-साठ हजार घरांवरून देशाचा काढतात, इंदूरच्या वाट्याला त्यातली किती घरं येणार. ज्याचा माणूस बावडीत आहे त्याच्या घरी मीटर नसतो, आणि असला तरी तो त्या दिवशी घरी नसतो.

तिळकनगर_श्रुती

दादा हे छापून लावण्यासारखं आहे.

मी एक सुचवू का? चॅनेल सुधारतील तेव्हा सुधारतील. आपल्या मंडळात म्हातारी माणसं खूप आहेत. एक पानभर कागद करू या मोठ्या अक्षरात, ११२, जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा १०७७, एसटीची चौकशी, जवळच्या दवाखान्याची चौकशी खिडकी. घरातून लांबच्या गाडीने कोणी निघालं तर गाडीचा नंबर आणि सुटायची वेळ त्याच कागदावर लिहायची. खलघाटच्या दिवशी रामबागच्या ताईंकडे गाडीचा नंबर असता तर अर्ध्या तासात कळलं असतं.

रामबागची_लेक

हो गं. आम्ही आता करतो तसं. हे सोडायला गेले की गाडीच्या मागच्या पाटीचा फोटो काढून घरी पाठवतात, आतोबा बसलेले दिसले पाहिजेत त्यात. आतोबा वैतागतात पण उभे राहतात.

रविवारी पाच वाजता आमच्याकडे बसू या कागदासाठी. श्रुती तू लॅपटॉप आण. आजोबा, तुम्ही त्यात ट्रान्झिस्टरचं आणि स्टेशनचं लिहून द्या.

लोकमान्यनगर_आजोबा

देतो. येतो रविवारी.

मांडवी_बडोदे

आजोबा, ट्रान्झिस्टरच्या पुढे कुठले सेल लागतात ते पण लिहा, आणि दोन जोड्या कागदासोबतच चिकटवून ठेवा. आमच्याकडे रेडिओ होता. सासऱ्यांचा, कपाटात, चांगला चालणारा. मोठे सेल लागायचे त्याला, आणि घरात सगळे पेन्सिल सेल.